आधी व्होल्ट, मग वेळ, शेवटी वॅट

गाडीत संगणक बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एसएमपीएस, म्हणजे मदरबोर्डाला वीज पुरवणारा भाग, किती वॅटचा घ्यायचा? टेबलावरच्या संगणकासाठी हा प्रश्न रास्त आहे. तिथे भिंतीतल्या प्लगमागे वीज कंपनीचं अख्खं जाळं उभं असतं आणि संगणक चालू-बंद करणारा माणूस समोर बसलेला असतो. गाडीत यातलं काहीच नसतं. वीज येते ती एका बॅटरीतून आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या अल्टरनेटरमधून. संगणक कधी चालू व्हावा आणि कधी बंद व्हावा हे गाडीची चावी ठरवते, आणि चावी फिरवणाऱ्याच्या मनात त्या वेळी संगणक नसतो. म्हणून छोट्या मदरबोर्डाला गाडीत एसएमपीएस जुळवताना आधी व्होल्टचा विचार करावा, मग वेळेचा, आणि वॅटचा सगळ्यात शेवटी, असं माझं ठाम मत आहे. हा क्रम उलटा केला की कागदावर जुळलेली जोडी रस्त्यावर फसते. प्रश्न हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. बसमधला ट्रॅकर, शाळेच्या गाडीतले कॅमेरे, रुग्णवाहिकेतला पडदा, मालट्रकच्या केबिनमधलं नोंदयंत्र ही सगळी गाडीत बसवलेल्या छोट्या संगणकांचीच रूपं आहेत. त्यांच्यावर माणसं विसंबून असतात, म्हणून ही जुळणी नीट समजून घ्यायला हवी.

मदरबोर्डाची बाजू आधी पाहू. तैवानच्या व्हिया कंपनीनं २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स हा आकार पुढे आणला. १७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. त्यावरचे व्हियाचे प्रोसेसर फारसे तापत नसत, काहींना पंखाही लागत नसे. सीटखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात मावेल असा पूर्ण संगणक त्यामुळे आवाक्यात आला, आणि नकाशे, गाणी, इंजिनाची माहिती एकाच पडद्यावर आणण्याची धडपड करणाऱ्यांची एक पिढी या बोर्डांवर वाढली. बोर्ड लहान झाला, पण त्याच्या विजेच्या अटी मोठ्या बोर्डाच्याच राहिल्या. त्या अटी इंटेलनं १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकातून आल्या आहेत. बोर्डाला १२, ५ आणि ३.३ अशा तीन मुख्य व्होल्टेजच्या ओळी लागतात आणि प्रत्येकीला फक्त पाच टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते. म्हणजे १२ ची ओळ ११.४० ते १२.६० यांच्यामध्येच राहायला हवी आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ यांच्यामध्ये. याशिवाय जांभळ्या वायरीतून ५ व्होल्टची एक राखीव ओळ संगणक बंद असतानाही जिवंत असते. हिरव्या वायरीतून बोर्ड एसएमपीएसला ‘चालू हो’ म्हणून सांगतो. करड्या वायरीतून एसएमपीएस बोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा निरोप देतो, आणि तोही सगळ्या ओळी स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंद थांबून. हा निरोप क्षणभर जरी थांबला तरी बोर्ड स्वतःला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दिवा मंद होऊन पुन्हा उजळतो, तशी सोय मदरबोर्डाला नाही.

आता गाडीची बाजू. साध्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घरं असतात आणि भरलेलं प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देतं. त्यामुळे भरलेली, निवांत असलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर बॅटरी भरायला लागतो आणि तारांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात. बॅटरी उतरत गेली की आकडा १२ च्या खाली जातो आणि १०.५ ला ती रिकामी झाली असं मानतात. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर शेकडो अँपिअर ओढते, तेव्हा व्होल्टेज ९ वर येतं. बॅटरी जुनी असेल, टर्मिनलवर पांढरा थर चढला असेल किंवा कडाक्याची थंडी असेल तर ते ६-७ पर्यंतही कोसळतं. बारा व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था बोर्डाच्या ११.४० ते १२.६० या पट्ट्यात राहते ती जवळपास फक्त गाडी उभी असताना. गाडी धावत असताना, म्हणजे संगणक खरा वापरात असताना, ती कायम या पट्ट्याच्या वर असते, आणि गाडी सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या बरीच खाली. पालिकेच्या नळाला पाणी कधी जोरात, कधी करंगळीएवढं येतं, पण इमारतीतल्या रहिवाशाला हवी असते ती सारखी धार. मधली टाकी आणि पंप या दोघांना जुळवतात. गाडी आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये एसएमपीएसचं काम नेमकं हेच आहे. त्याची क्षमता किती लिटर, म्हणजे किती वॅट, हा पुढचा प्रश्न. नळाच्या चढउतारात तो तग धरेल का, हा पहिला.

इथली सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे १२ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी बनवलेला एसएमपीएस गाडीला जोडणं. मदरबोर्डाच्या २०-२४ पिनांच्या खाचेतच बसणारे, काडेपेटीएवढे एसएमपीएस बाजारात मिळतात. पिकोपीएसयू हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव. त्याच्या मूळ प्रकारांत ५ आणि ३.३ च्या ओळी तयार केल्या जातात, पण १२ ची ओळ आत येते तशीच फक्त एका इलेक्ट्रॉनिक स्विचमधून पुढे सोडली जाते. त्या रचनेत दोष काहीच नाही. घरातल्या अडॅप्टरकडून पक्के १२ व्होल्ट मिळतील हे गृहीत धरूनच ती केली आहे, म्हणून तर ती इतकी लहान, स्वस्त आणि कार्यक्षम आहे. तीच गाडीला जोडली की अल्टरनेटरचे १४.४ व्होल्ट थेट बोर्डाच्या १२ च्या ओळीवर जातात, म्हणजे परवानगीपेक्षा जवळजवळ दोन व्होल्ट जास्त. बोर्ड त्याच दिवशी जळेल असं नाही. कित्येकदा तो महिनोन् महिने चालतो आणि जोडणाऱ्याला वाटतं की जमलं. प्रोसेसरजवळचे व्होल्टेज उतरवणारे घटक, हार्ड डिस्कची मोटर, पंखे हे सगळे मात्र रोज मर्यादेबाहेर राबत असतात. याच घराण्यात रुंद पल्ल्याचे प्रकारही निघाले आणि खास गाड्यांसाठी वेगळी मालिका निघाली. एम२-एटीएक्स हा १६० वॅटचा एसएमपीएस ६ ते २४ व्होल्टवर चालतो, तर एम४-एटीएक्स २५० वॅटचा, ६ ते ३० व्होल्टवर. यांच्या माहितीपत्रकात वॅटच्या शेजारी छापलेला हा दुसरा आकडाच गाडीच्या दृष्टीनं कळीचा असतो.

खालच्या टोकाला ६ व्होल्ट का लागतात, याचा हिशेब साधा आहे. सेल्फ मारण्याचा काळ एखाद-दोन सेकंदांचा. तेवढ्यापुरता मोठा कपॅसिटर लावून वेळ मारून नेता येणार नाही का, असं कोणालाही वाटेल. समजा संगणक आणि पडदा मिळून एसएमपीएसच्या तोंडाशी ५३ वॅट ओढतात, एसएमपीएस ९ व्होल्टपर्यंत तग धरतो आणि कपॅसिटर १२ व्होल्टला भरलेला आहे. १२ पासून ९ पर्यंत उतरताना एक फॅरडचा कपॅसिटर साडेएकतीस ज्यूल ऊर्जा देतो. एका सेकंदाला लागतात ५३ ज्यूल. म्हणजे फक्त एका सेकंदासाठी १.७ फॅरड, अर्थात १७ लाख मायक्रोफॅरड हवेत. एसएमपीएसमध्ये बसतात ते कपॅसिटर काही शेकडा ते काही हजार मायक्रोफॅरडचे असतात. त्यांचं काम मिलिसेकंदांतलं आहे. सेकंदांचं ओझं त्यांना पेलत नाही. मग उरतो तो मार्ग म्हणजे आत येणारं व्होल्टेज १२ पेक्षा कमी असो की जास्त, बाहेर १२ च द्यायचे. व्होल्टेज फक्त उतरवणाऱ्या मंडलाला बक म्हणतात, चढवणाऱ्याला बूस्ट. गाडीच्या १२ च्या ओळीला दोन्ही कामं करणारं बक-बूस्ट मंडल लागतं, कारण आत येणारा आकडा १२ च्या दोन्ही बाजूंना हिंडतो. हे मंडल बनवायला जास्त अवघड, थोडं जास्त तापणारं आणि महाग असतं. पण एसएमपीएसच्या किमतीतला फरक कशासाठी मोजायचा याचं उत्तर इथेच मिळतं.

वरचं टोक अधिक धोक्याचं, कारण तिथे संगणक नुसता बंद पडत नाही, मरतो. अल्टरनेटर जोरात बॅटरी भरत असताना बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन सुटलं, तर अल्टरनेटरचा ओघ एकदम अडतो. त्याच्या फिरत्या भागातलं चुंबकीय क्षेत्र क्षणात ओसरत नाही, त्यामुळे निर्माण होत असलेली वीज जायला जागा न मिळून व्होल्टेज उसळतं. इंग्रजीत याला लोड डंप म्हणतात आणि आपल्याकडच्या अभियंत्यांच्या बोलण्यातही तोच शब्द आहे. गाड्यांतल्या विद्युत उपकरणांच्या चाचण्यांसाठी असलेल्या आयएसओ १६७५०-२ या आंतरराष्ट्रीय मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी या उसळीची चाचणी ७९ ते १०१ व्होल्टची धरली आहे आणि ती ४० ते ४०० मिलिसेकंद टिकते. २४ व्होल्टच्या ट्रक-बसमध्ये हाच आकडा १५१ ते २०२ पर्यंत जातो. मिलिसेकंद हा शब्द ऐकून फसू नये. अर्धवाहकाच्या दृष्टीनं ४०० मिलिसेकंद हा फार मोठा काळ आहे, आणि या उसळीमागे अल्टरनेटरची खरी ताकद असते. याच मानकात आणखी दोन चाचण्या आहेत. एक, साठ सेकंद २४ व्होल्ट, कारण रस्त्यात बंद पडलेली मोटार मालट्रकच्या बॅटरीवरून जंप स्टार्ट केली जाते हे मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. दुसरी, साठ सेकंद उलटी जोडणी, कारण अंधारात लाल-काळ्या चिमट्यांची अदलाबदल होते. म्हणजे गाडीतली वीज किती बेभरवशाची असते हे वाहन उद्योगानं कधीच लिहून ठेवलं आहे. टेबलावरच्या संगणकाचे भाग बनवणाऱ्यांना ते वाचण्याची गरज पडली नव्हती, एवढाच फरक.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. नव्या अल्टरनेटरमध्ये अशी उसळ दाबणारे विशिष्ट डायोड बसवलेले असतात, त्यामुळे १०० व्होल्टची भीती आता जुनी झाली, असं म्हटलं जातं. डायोडांची गोष्ट खरी आहे. पण त्याच मानकात दाबलेल्या उसळीचा आकडा ३५ व्होल्ट धरला आहे, आणि २४ किंवा २५ व्होल्टची कमाल मर्यादा असलेल्या एसएमपीएसला ३५ व्होल्टही प्राणघातक ठरतात, जर त्याच्या तोंडाशी उसळ गिळणारा संरक्षक डायोड आणि पुरेसं फिल्टर नसेल तर. शिवाय आपल्या रस्त्यांवर नव्या गाड्यांबरोबर पंधरा-वीस वर्षांच्या गाड्याही धावतात, आणि मूळ अल्टरनेटर बिघडला की दुरुस्त केलेला किंवा बाजारातला साधा बसवला जातो. त्यात तो डायोड आहे की नाही हे संगणक बसवणाऱ्याला कळायचा मार्ग नसतो. ट्रक-बसचा मुद्दा त्याहून सरळ आहे. २४ व्होल्टची गाडी चार्ज होताना २८ व्होल्टवर असते. ‘२४ व्होल्टपर्यंत चालतो’ असं लिहिलेला एसएमपीएस एसटीच्या बसमध्ये किंवा मालट्रकमध्ये जोडणं म्हणजे पहिल्याच फेरीला त्याला मर्यादेबाहेर ढकलणं आहे.

व्होल्टेजची तजवीज झाली की वेळेचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. टीव्ही किंवा पंखा वीज तोडून बंद करता येतो. संगणकाला बंद व्हायला वेळ द्यावा लागतो. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइलींची व्यवस्था विस्कटते आणि पुढच्या वेळी तो सुरू होईलच याची खात्री राहत नाही. गाडीत चावी काढली की वीज जाते. म्हणून गाडीच्या एसएमपीएसला तीन वायरी लागतात: बॅटरीवरून थेट येणारी कायमची, बॉडी अर्थ, आणि चावीबरोबर जिवंत होणारी इग्निशनची. तिसरीतून वीज वाहत नाही, फक्त बातमी येते. चांगल्या एसएमपीएसमधला छोटा नियंत्रक ही बातमी वाचतो. चावी फिरली की तो काही सेकंद थांबतो, ओळी स्थिर झाल्याची खात्री करतो आणि मदरबोर्डाच्या पॉवर बटणाच्या पिनांवर क्षणभर संपर्क देतो, जणू कोणी बोटानं बटण दाबलं. चावी बंद झाली की तो पुन्हा थांबतो. पाच सेकंद की अर्धा तास, हे जंपर लावून ठरवता येतं. मग पुन्हा बटण दाबल्याची खूण देतो, संगणक आपली आवराआवर करून बंद होतो, आणि त्यालाही ठरावीक मुदत दिल्यावर नियंत्रक राखीव ५ व्होल्टची ओळसुद्धा तोडतो. यात एक बारकावा आहे. अनेक गाड्यांत सेल्फ मारताना रेडिओ, लायटर वगैरेंचा पुरवठा मुद्दाम तोडला जातो, म्हणजे सगळी ताकद स्टार्टरला मिळते. तिसरी वायर त्या पुरवठ्याला जोडली असेल तर नियंत्रकाला चावी लागली, गेली, पुन्हा लागली असं दिसतं. त्याला ही हुलकावणी ओळखता आली नाही तर संगणक सुरू होता होता बंद होऊ लागतो. वॅट कितीही असोत, या गोंधळावर त्यांचा उपाय नाही.

राखीव ओळ शेवटी का तोडायची, याचं उत्तर बॅटरीच्या पोटात आहे. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. संगणक झोपेच्या अवस्थेत ठेवला, म्हणजे मेमरी तेवढी जागी, तर राखीव ओळ आणि रूपांतरातली गळती धरून ३ वॅट जातात असं समजू. साडेबारा व्होल्टला हे ०.२४ अँपिअर झाले, दिवसाला ५.८ अँपिअर-तास. तीन दिवसांत निम्मी बॅटरी संपली. दिवाळीच्या सुट्टीत गाडी आठवडाभर सोसायटीत उभी राहिली तर परत आल्यावर ती धक्का मारून सुरू करावी लागेल, आणि वारंवार इतक्या खोलवर उतरलेली शिसे-आम्ल बॅटरी कायमची दुबळी होते. संगणक पूर्ण चालू राहिला तर ५३ वॅटच्या हिशेबानं चार तासांतच निम्मी जाते. नियंत्रक काही मिलिअँपिअरवर झोपत असेल तर मात्र महिने काढता येतात. म्हणून बंद अवस्थेत तो किती ओढतो आणि बॅटरी किती उतरल्यावर संगणकाला स्वतःहून बंद करतो, हे दोन आकडे मी वॅटच्या आधी वाचेन. गाडीतला संगणक गाडीसाठी आहे; त्याच्यापायी गाडीच सुरू झाली नाही तर सगळी मांडणी उलटी पडते.

आता वॅट. तो शेवटी येतो, पण बिनमहत्त्वाचा नाही, आणि त्याचा हिशेबही बहुधा चुकीच्या जागी केला जातो. इंटेलनं २००८ मध्ये डी९४५जीसीएलएफ नावाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड काढला. त्यावर ॲटम २३० प्रोसेसर सोल्डर केलेला होता, आणि त्याची उष्णतेची कमाल मर्यादा होती फक्त ४ वॅट. गाडीत बसवू पाहणाऱ्यांना हा आकडा स्वप्नवत वाटला. पण त्याच बोर्डावरच्या ९४५जीसी या चिपसेटची मर्यादा २२.२ वॅट होती. बोर्डाकडे नुसतं पाहिलं तरी हे कळत होतं: पंखा चिपसेटवर होता आणि प्रोसेसरवर बिनपंख्याचा लहान हीटसिंक. प्रोसेसरच्या ४ वॅटवरून एसएमपीएस निवडणारा इथे फसला असता. बोर्डाचे ३० वॅट, फिरू लागताना अडीच इंची डिस्कचे ५, सात इंची पडद्याचे १० असा पंचेचाळीसचा आकडा धरावा आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीकडून ५३ वॅट ओढले जातील. १३.८ व्होल्टला ते ३.८ अँपिअर होतात, आणि हा आकडा पाहून कोणीही बारीक वायर टाकेल. पण एसएमपीएस बाहेर ठरलेले वॅट देतच राहतो, त्यामुळे आत व्होल्टेज पडलं की तो करंट वाढवतो. सेल्फ मारताना बॅटरीवर ६.५ व्होल्ट उरले की तोच संगणक ८ अँपिअर मागतो.

हे ८ अँपिअर वायरीतून यायचे असतात, आणि इथे कागदावर उत्तम असलेला एसएमपीएसही हरतो. बॉनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर जाणारी आणि पाच मीटर परतणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरा. तिचा रोध ०.११५ ओहम. ८ अँपिअरला तिच्यातच जवळजवळ एक व्होल्ट जातो. एसएमपीएसला मिळतात साडेपाच, आणि ६ ला तग धरण्याचं त्याचं वचन मोडीत निघतं. व्होल्टेज पडलं म्हणून तो आणखी करंट मागतो, त्यानं आणखी पडतं. तिथेच चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर फक्त ०.३७ व्होल्ट जातात आणि एसएमपीएसला ६.१ मिळतात. दोन वायरींच्या किमतीतला फरक किरकोळ आहे. संगणक दर वेळी सेल्फ मारल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो की नकाशा जिथे होता तिथेच राहतो, हे मात्र त्या फरकावर ठरतं. फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत असावा, कारण तो संगणकापेक्षा वायरीला आगीपासून वाचवण्यासाठी असतो. फ्यूजच्या आधीचा तुकडा उघडाच असतो. लायटरच्या सॉकेटमधून वीज घेणं मी टाळीन. तिथली संपर्काची जागा सैल असते, आणि इथे आपण व्होल्टच्या दशांशासाठी भांडतो आहोत.

मग मोठा एसएमपीएस घेऊन निर्धास्त का होऊ नये? कारण जास्त वॅटचा एसएमपीएस रुंद पल्ल्याचा असेलच असं नाही, आणि आपल्या क्षमतेच्या दहा-पंधरा टक्क्यांवर चालणारा एसएमपीएस बहुधा कमी कार्यक्षम असतो. शिवाय एकूण वॅटचा आकडा तीन ओळींत वाटलेला असतो. १६० वॅटच्या एसएमपीएसच्या १२ च्या ओळीला किती अँपिअर मिळतात आणि ५ च्या ओळीला किती, हे न पाहता नुसती बेरीज पाहिली तर डिस्क आणि यूएसबीची उपकरणं असलेली ५ ची ओळ आधी दम टाकते. एसएमपीएसची क्षमता उन्हाबरोबर घसरते, हेही लक्षात ठेवावं. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभ्या राहिलेल्या बंद गाडीत आतलं तापमान साठीच्या पुढे जातं, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. तेव्हा गरजेच्या दीडपट वॅट हा अंदाज शहाणपणाचा आहे, चौपट हा नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: इन्व्हर्टर लावा, २३० व्होल्ट तयार करा, त्यावर घरचाच एसएमपीएस चालवा. चालतं, पण विजेला बारावरून दोनशेतीसवर चढवून पुन्हा बारावर उतरवण्यात दोनदा तोटा होतो. ८५ टक्के आणि ८० टक्के यांचा गुणाकार ६८ टक्के. जवळजवळ तिसरा हिस्सा उष्णता होऊन गाडीतच राहतो. आणि चावीची बातमी इन्व्हर्टरला कळत नाही, त्यामुळे वेळेचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. बरेच साधे इन्व्हर्टर बॅटरी खाली आली की भोंगा वाजवून बंद होतात, आणि सेल्फ मारताना ती खालीच येते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मिनी-आयटीएक्सचा जमाना गेला, आता फोन आहे, रास्पबेरी पाय आहे, मग हा सगळा खटाटोप कशाला? फोन आणि लॅपटॉप गाडीत बिनबोभाट चालतात, कारण त्यांच्या पोटात स्वतःची बॅटरी असते. चढउतार, सेल्फ, चावी हे सगळं ती झेलते. त्यांचं यश माझ्या म्हणण्याला दुजोराच देतं. वॅटनं त्यांना वाचवलेलं नाही, मधल्या साठ्यानं वाचवलं आहे. रास्पबेरी पायला तो साठा नसतो. त्याला ५ व्होल्ट लागतात आणि ४.६३ च्या खाली गेलं की तो कमी व्होल्टेजची सूचना देतो. फोनसाठी बनवलेला चार्जर आणि लांब, बारीक यूएसबी वायर यांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि चावी काढली की मेमरी कार्डावरचं लिखाण अर्धवट तुटतं. बोर्ड स्वस्त झाला, तरी व्होल्ट आणि वेळ यांचे दोन्ही प्रश्न तसेच उभे आहेत. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. स्टार्टर आणि अल्टरनेटर नसल्यानं तिथे व्होल्टेजचा त्रास बराच कमी होतो, हे मान्य. पण उभ्या गाडीत ती बॅटरी उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. वेळेचा प्रश्न तिथेही पुरून उरतो.

हे सगळं अतिकाळजीचं वाटत असेल तर आपल्याच देशातल्या एका मानकाकडे पाहावं. सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा सांगणारं उपकरण आणि संकटकाळी दाबायचं बटण असावं यासाठी एआयएस-१४० हे मानक आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ते प्रसिद्ध करते. २०१९ च्या सुरुवातीपासून बहुतेक नव्या सार्वजनिक वाहनांना ते लागू झालं. त्यात उपकरण ८ ते ३२ व्होल्टवर चाललं पाहिजे, आणि गाडीची वीज तुटली तरी आतल्या बॅटरीवर चार तास चाललं पाहिजे, अशा अटी आहेत. म्हणजे १२ ची मोटार आणि २८ वर चार्ज होणारी बस दोन्ही धरल्या, आणि ८ च्या खाली जाणाऱ्या सेल्फच्या क्षणासाठी व तोडलेल्या वायरीसाठी साठा मागितला. बटण दाबणाऱ्या प्रवाशाचा जीव धोक्यात असू शकतो, म्हणून इथे व्होल्ट आणि वेळ मानकातच लिहिले गेले. तोच विचार शाळेच्या बसमधल्या कॅमेऱ्याला, रुग्णवाहिकेतल्या पडद्याला किंवा फिरत्या दवाखान्यातल्या नोंदणीच्या संगणकाला का लागू नये? खरेदीच्या कागदावर प्रोसेसर, मेमरी, पडद्याचा आकार हे तपशीलवार लिहिले जातात आणि वीजपुरवठ्याच्या रकान्यात ‘१२ व्होल्ट’ एवढंच असतं. तो रकाना वाढवला पाहिजे. किमान किती व्होल्टला तग धरेल, कमाल किती सोसेल, कोणत्या चाचणीनुसार, चावी बंद झाल्यावर किती वेळानं बंद होईल, आणि बंद असताना किती करंट ओढेल, एवढ्या पाच गोष्टी लिहायला चार ओळी पुरतात.

रुंद पल्ल्याचा, चावी ओळखणारा एसएमपीएस महाग पडतो, हा शेवटचा आक्षेप. साध्या एसएमपीएसच्या कित्येक पट त्याची किंमत असते आणि कधी कधी ती मदरबोर्डाच्याही वर जाते. तरीही तो पैसा वाया जात नाही, कारण दुसऱ्या पारड्यात बोर्ड, डिस्क, त्यावरची नोंद आणि गाडीची बॅटरी असते. जिथे खर्च परवडत नाही तिथे उपकरणाला छोटी आतली बॅटरी द्यावी आणि लिखाण कमीत कमी ठेवावं. तोही याच तत्त्वाचा स्वस्त मार्ग आहे. अभियांत्रिकीच्या आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनी गाडीत बसवायचा प्रकल्प हाती घेतला तर प्रयोगशाळेतल्या स्थिर पुरवठ्यावर तो चालल्याचं दाखवून थांबू नये. पुरवठा सहावर उतरवून, चौदावर चढवून, इग्निशनची वायर तीनदा काढून-लावून दाखवावं, आणि परीक्षकांनीही तेच मागावं. खोक्यावर वॅटचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला असतो, म्हणून तो आधी विचारला जातो. गाडी आपल्याला आधी वेगळे प्रश्न विचारते, आणि ते आपण विकत घेण्याआधी विचारले तर नंतर मेकॅनिककडे जाऊन विचारावे लागत नाहीत.